‘जुनी, स्थानिक आणि न मिळणारी’

सरत्या वर्षात आवडलेली पाच पुस्तकं कळवा, प्रत्येकावर शंभर शब्द लिहा, असं एका नियतकालिकाचं पत्र यंदा मला आलं. विदर्भ झाला, मराठवाडा झाला, कोकण झालं, नंदुरबारकडचं कुणी राहिलं होतं. तालुक्याच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेली बाई सापडली. मी पाच नावं कळवली. नंदिनी ओझा यांचं ‘लढा नर्मदेचा’, वाहरू सोनवणे यांचं ‘गोधड’, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आणि मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’. उत्तर सभ्य होतं. पुस्तकं जुनी आहेत, बरीचशी स्थानिक आहेत, आमच्या वाचकांना सहज मिळणार नाहीत. तेव्हा नवं, सर्वांना भावेल असं काही सुचवता येईल का? पाचव्या नावाबद्दल चकार शब्द नव्हता. ती चेष्टा वाटली असावी.

चेष्टा नव्हती. नवी यादी मी पाठवली नाही. नियतकालिकाचं नावही घेत नाही, कारण हेच उत्तर मला दुसऱ्या कुठल्याही कचेरीतून आलं असतं. दर डिसेंबर-जानेवारीत छापून येणाऱ्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. माणसं वेगळी, पुस्तकं बरीचशी तीच. वर्षभरात ज्यांची प्रकाशनं झाली, परीक्षणं आली, ज्यांच्या प्रती लेखकाने सप्रेम भेट दिल्या, ती. आवडीनिवडीबद्दल माझी तक्रार नाही. पण आवड निर्माण व्हायला आधी पुस्तक हातात यावं लागतं, आणि ते कुणाच्या हातात कधी येतं याचा हिशेब या याद्या कधी मांडत नाहीत.

आधी जुनेपणाचं पाहू. पुस्तक म्हणजे काय पालेभाजी आहे, की संध्याकाळपर्यंत खपली नाही तर कोमेजली? आमच्याकडे पुस्तक येतं कसं, ते संपादकांना ठाऊक नसावं. तालुक्याच्या गावी ज्याला पुस्तकांचं दुकान म्हणतात, तिथे शालेय पुस्तकं, गाइडं, वह्या, पोथ्या आणि भरतीची पुस्तकं असतात. कादंबरी मागितली तर दुकानदार नाव लिहून घेतो. सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या कायद्याखाली चालतात. अ, ब, क, ड असा वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, आणि त्या अनुदानातून आधी कर्मचाऱ्याचा पगार, मग वीजबिल, मग वर्तमानपत्रं, आणि उरलं तर ग्रंथ. ते ग्रंथही बहुतेक शासनमान्य यादीतले, नाहीतर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेले. म्हणजे निवड इथल्या वाचकाने केलेली नसतेच. एखादं पुस्तक पुण्यात प्रकाशित होतं, त्यावर वाद होतात, ते विसरलंही जातं, आणि त्यानंतर ते आमच्या दाखल नोंदवहीत चढतं. ‘रिंगाण’चंच घ्या. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कुठे इकडच्या वाचनालयांनी ती मागवली. तोवर ती पुण्याच्या हिशेबाने जुनी झालेली होती. आमच्या हिशेबाने ती काल आली.

यावर संपादकांचं एक उत्तर असू शकतं, आणि ते खरं आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, अलीकडे पाचशेचीही. नव्या पुस्तकाकडे पहिल्या वर्षात कुणी बोट दाखवलं नाही तर ते गोदामात मरतं. ‘गोधड’ची काळजी घ्यायला अभ्यासक्रम आहेत, नव्या कवीला कोण आहे? बरोबर. म्हणून नव्या पुस्तकांची यादी जरूर छापा. तिला ‘नवी पुस्तकं’ म्हणा. ‘वर्षभरात आम्ही काय वाचलं’ असं शीर्षक देऊन वाचनाच्या नावाखाली बाजार दाखवू नका. मी गेल्या वर्षी काय वाचलं, या प्रश्नाला माझं उत्तर १९८७ सालचं असू शकतं. ‘गोधड’ त्या सालचं आहे.

आता या हरकतीच्या पोटात लपलेली दुसरी, जी पत्रात लिहीत नाहीत पण भाषणात बोलतात: तिकडे वाचक आहेत कुठे? १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी बाहेरून आलेला पाहुणा हमखास २०११ च्या जनगणनेतला आकडा काढतो. नंदुरबारची साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत खालची. आकडा खरा आहे. पण त्याची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा साडेसोळा लाखांच्या आसपास होती. सात वर्षांखालची मुलं वगळून साक्षर माणसं मोजली तरी ती नऊ लाखांच्या घरात जातात. नऊ लाख साक्षर माणसांच्या जिल्ह्यात हजार प्रतींच्या आवृत्तीतल्या किती प्रती पाठवल्या होत्या, हे आधी सांगा. मग वाचक नाहीत असं म्हणा. आणि जिल्हा लांब आहे, डोंगराळ आहे, हे कारणही पुरत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. पंतप्रधान आले होते. मनात आणलं तर एखादी गोष्ट सगळ्यात आधी नंदुरबारला पोहोचू शकते, हे त्या दिवशी देशाने पाहिलं.

वाळंबे यांचं व्याकरण माझ्या यादीत आलं ते इथून. वाचनालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासिका असते. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, राज्यसेवा. सकाळी कुलूप उघडायच्या आधी चपला बाहेर लागलेल्या असतात. डोंगरातल्या धडगावकडून आलेल्या, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुली तिथे दिवसभर बसतात. आमचे साहित्यप्रेमी त्या खोलीवरून नाक मुरडत जातात: ‘हे काय वाचन आहे? ही तर घोकंपट्टी.’ मी निवृत्तीनंतर तिथे बसू लागले, मुलींच्या शंका सोडवता सोडवता वाळंबे पुन्हा पहिल्या पानापासून वाचले, आणि माझं मत पक्कं झालं. ज्या मुलीच्या घरी पावरी बोलतात, शेजारी अहिराणी, बाजारात गुजराती-हिंदी, आणि जिची परीक्षा प्रमाण मराठीत आहे, ती मुलगी समास आणि प्रयोग ज्या डोळ्यांनी वाचते, त्या डोळ्यांनी पुण्यातला कुणी कादंबरी वाचत असेल की नाही, शंका आहे. तिला भाषा बाहेरून उलगडून पाहावी लागते. कर्मणी प्रयोग तिच्या पावरीत कसा होतो, असा प्रश्न तिने मला विचारला. मला उत्तर शोधायला लोकसर्वेक्षणाचा खंड काढावा लागला. व्याकरणाच्या पुस्तकाने एका वाचकाला दुसऱ्या पुस्तकापर्यंत नेलं. वर्षाच्या याद्यांकडून आपण हेच मागतो ना?

वाळंबे यांचं हे पुस्तक मराठीतल्या कुठल्याही गाजलेल्या कादंबरीपेक्षा अधिक मन लावून, अधिक वेळा, पेन्सिलीने रेघा मारून वाचलं जातं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते एकाही यादीत दिसत नाही, कारण यादी करणाऱ्यांनी आपली परीक्षा पूर्वीच पास केलेली असते.

आता ‘स्थानिक’. या शब्दाचा मला खरा राग आला.

सदाशिव पेठेतली कादंबरी स्थानिक नसते, गिरगावातली नसते. ती मराठी असते. इथपर्यंतचं गाऱ्हाणं जुनं आहे, ते मी लांबवत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. नंदुरबार जिल्ह्याचा एक भाग मराठी वाचकाने भरपूर वाचलेला आहे; फक्त तो नंदुरबार आहे हे त्याला माहीत नाही. नर्मदा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. परिक्रमेला निघालेला माणूस नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने चालत येतो आणि शूलपाणीच्या झाडीत शिरतो. ती झाडी, किंवा तिचा मोठा भाग, म्हणजे आमचे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत आणि त्यानंतर निघालेल्या डझनावारी परिक्रमा-वर्णनांपर्यंत मराठीत नर्मदेचा एक मोठा कप्पा तयार झालेला आहे. घराघरांत आहे. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात. त्यांतली काही पुस्तकं मला आवडतातही. दांडेकरांची भाषा कुणाला आवडणार नाही?

पण त्या कप्प्यात आमची माणसं कशी येतात? झाडीतले ‘मामा’ म्हणून. परिक्रमावासीला अडवून त्याचं घोंगडं, भांडं, पैसे, अंगावरचे कपडे काढून घेणारे भिल्ल. या परंपरेत त्या लुटीला अध्यात्मही जोडलेलं आहे: मैयाच आपला मोह सोडवण्यासाठी मामांना पाठवते. म्हणजे लुटणाऱ्याला स्वतःचं कारण नाही, भूक नाही, नाव नाही, गाव नाही. तो मैयाचा हस्तक. परिक्रमावासी झाडीतून बाहेर पडतो, पुढच्या आश्रमात कुणी त्याला वस्त्र देतं, पुस्तकाचं पान उलटतं. मामा मागे झाडीतच राहतात. ही प्रतिमा दोनशे वर्षांची आहे. इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हापासून भिल्ल म्हणजे बंदोबस्त करायची वस्तू. आउटरॅम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली ती याच कामासाठी. सरकारी कागदांतला लुटारू आणि भक्तिपर पुस्तकांतला मामा यांच्यात रंगाचाच फरक आहे.

त्याच काठावर, त्याच झाडीत, त्याच काळात दुसरं काही घडत होतं. सरदार सरोवराच्या जलाशयात महाराष्ट्राची ३३ गावं येणार होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली पहिलं. मोजणीवाले आले, खुणेचे दगड बसले, नर्मदा बचाव आंदोलन उभं राहिलं, १९९३ मध्ये जागतिक बँक बाहेर पडली, तरी पाणी चढलंच. कुणाचं पुनर्वसन गुजरातेत परवेट्याला, कुणाचं तळोद्याच्या जंगलजमिनीवर सोमावळला. १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीसह धरणाचं लोकार्पण झालं. परिक्रमावासी ज्याच्या दर्शनाला झाडीत शिरायचे, ते मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही याच पाण्याखाली गेलं. देवाचं नवं मंदिर गुजरातेत गोऱ्याला बांधून झालं. आता झाडीची वाट मोडल्यामुळे बरेच परिक्रमावासी वरून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे सडकेने जातात. आमच्या दारावरून जातात. पाणी मागतात, आम्ही देतो. त्यांच्या पिशवीत बहुधा एक पुस्तक असतं, आणि ते कोणतं असतं ते सांगायला नको.

‘लढा नर्मदेचा’ २०१७ मध्येच राजहंसने काढलं. नंदिनी ओझा आंदोलनात अनेक वर्षं पूर्णवेळ होत्या. त्यांनी केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या काठावरच्या दोन नेत्यांना बोलतं केलं आणि त्यांचं सांगणं पुस्तकात आणलं. मराठीत नर्मदाकाठावर उभं राहून बोलणारी ही माणसं या वेळी ‘मामा’ नाहीत. त्यांना नावं आहेत, शेती आहे, आपसातले वाद आहेत, मोजणीवाल्याशी कसं बोलायचं याची अक्कल आहे, आंदोलनातल्या मोठ्या माणसांबद्दलही स्वतःचं मत आहे. पुस्तक इंग्रजीत २०२२ मध्ये आलं. परिक्रमेच्या पुस्तकात जो माणूस झाडामागून पुढे येतो आणि घोंगडं ओढून पुन्हा झाडामागे जातो, तो इथे बसून सलग बोलतो. मला हे वाचून वाटलं की गेली पन्नाससाठ वर्षं आपण एकाच नदीचं अर्धं पुस्तक वाचत होतो.

आणि हे पुस्तक ‘स्थानिक’! पुण्याहून निघून झाडीत तीन दिवस चाललेल्या माणसाचं पुस्तक अखिल महाराष्ट्राचं, आणि त्या झाडीत जन्म काढलेल्याचं पुस्तक स्थानिक. ग्रंथपाल म्हणून मी हा भेद माझ्याच कपाटांत पाहत आले. वर्गीकरणाप्रमाणे परिक्रमा-वर्णनं धर्मात नाहीतर प्रवासात जातात, ‘लढा नर्मदेचा’ समाजशास्त्रात जातं. मधे दोन कपाटं. परिक्रमेचं पुस्तक परत करायला आलेल्या वाचकाची नजर तिकडे जाणारच नाही, अशी सोय शास्त्रानेच केलेली आहे. मी नियम मोडून दोन्ही शेजारी ठेवत असे. तपासणीला आलेल्यांनी एकदा त्यावर शेरा मारला. तो शेरा मला आजही मान्य नाही.

इथे संपादकांच्या बाजूने एक आक्षेप उरतो, आणि तोच सगळ्यांत जास्त ऐकू येतो: ही पुस्तकं महत्त्वाची असतील, पण साहित्य नव्हेत, दस्तऐवज आहेत. कुणीतरी बोललं, कुणीतरी लिहून घेतलं, यात लेखकाची कला कुठे?

हा आक्षेप मराठीत तरी घेऊ नये. मराठी गद्याची सुरुवातच अशी झाली आहे. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्यांना ज्यांना आठवत होत्या त्यांच्याकडे जाऊन विचारल्या, कुणी काय सांगितलं ते जमवलं, आणि ‘लीळाचरित्र’ झालं. तेराव्या शतकातलं ते काम आजच्या भाषेत मौखिक इतिहासाचंच. ते आपण अभिजात म्हणून शिकवतो. गोडसे भटजी वरसईहून दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे गेले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, घरी येऊन जे पाहिलं ते लिहिलं. ‘माझा प्रवास’ला दस्तऐवज म्हणून कपाटात कुणी कोंडलेलं नाही. आणि अगदी आमच्या उंबऱ्याशी, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले, साने गुरुजींनी लिहून घेतलं, ‘गीता प्रवचने’ घराघरांत गेलं. नंदुरबार तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. भटजींनी सांगितलं तर साहित्य, विनोबांनी सांगितलं तर साहित्य, केवलसिंगांनी सांगितलं तर माहिती. यामागे कलेचा निकष असेल तर तो मला कुणीतरी नीट समजावून सांगावा.

‘गोधड’बद्दल इथेच बोलते. वाहरू सोनवणे शहाद्याकडचे, श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा मजकूर आमच्याकडे अक्षरओळख नसलेल्यांनाही माहीत आहे: आमचं दुःख दुसरेच मंचावरून आम्हाला समजावून सांगतात, आणि आम्ही खाली बसून ऐकतो. लोक या कवितेला चळवळीची कविता म्हणून बाजूला ठेवतात. मला ती साहित्यव्यवहारावरची नेमकी टीका वाटते. ती वाचून वर्षअखेरीच्या याद्या हातात घेतल्या, की मंचावर कोण आणि सतरंजीवर कोण हे लगेच कळतं.

त्या चळवळीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण नव्या वाचकाला संदर्भ नसतो. १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला, ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे सालदार आणि भूमिहीन उभे राहिले, ‘मागोवा’ गटाची शिकलेली मुलं पुण्यामुंबईहून येऊन राहिली. त्यांतले कुमार शिराळकर शेवटपर्यंत इथलेच झाले. २ ऑक्टोबर २०२२ ला ते गेले. या काळावर अमृता बसू यांनी १९९२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, पश्चिम बंगालशी तुलना करणारं, पण ते इंग्रजीत. आमच्या बांधावरची गोष्ट अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवली जाते. शहाद्याच्या कॉलेजातल्या मुलीला ती मराठीत द्या, असं मी कोणत्या प्रकाशकाला सांगू? सांगितलंच, तर तो म्हणेल, विषय स्थानिक आहे.

आमच्या बाजूच्या लोकांनाही मी सोडणार नाही. शहरातली यादी नाकारताना आपल्यातले काही जण भलत्याच टोकाला जातात. आदिवासींचं सगळं साहित्य मौखिक आहे, त्यांना छापील पुस्तकांची गरजच काय, इंदल सणाच्या रात्री गायणा ऐका, तिथे सृष्टीच्या उत्पत्तीपासून सगळं आहे, असं ते सांगतात. ऐकायला गोड. गायणा मी रात्रभर बसून ऐकलं आहे, त्याच्या तोडीचं काही मी कादंबरीत वाचलेलं नाही. पण गाणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू आश्रमशाळेत आहे. तिथे त्याला मराठी पाठ्यपुस्तक आहे, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर मोबाइल आहे. गायणा त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार? आंदोलनाने १९९१-९२ मध्ये नर्मदाकाठी जीवनशाळा सुरू केल्या, चिमलखेडी आणि निमगव्हाणला, तेव्हा मुलांच्या भाषेतून शिकवायला आधी त्या भाषेत काही लिहिलेलं लागतं, हे तिथल्या शिक्षकांना कळून चुकलं होतं. मौखिकतेचं कौतुक करणारे बहुतेक स्वतः भरपूर पुस्तकं बाळगून असतात, एवढं मी नोंदवून ठेवते.

म्हणून तो लोकसर्वेक्षणाचा जाड खंड. गणेश देवींच्या प्रकल्पातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, पद्मगंधाने २०१३ मध्ये काढला. कुणी तो कादंबरीसारखा वाचणार नाही; मीही वाचला नाही. मावचीपासून सुरुवात केली, पावरीवर गेले, मग अहिराणी, मग ज्या भाषांची नावंही ऐकली नव्हती त्या. याआधी आमच्या भाषांची सलग दखल घेणारा मोठा ग्रंथ म्हणजे ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा १९०७ सालचा नववा खंड, त्याचा तिसरा भाग, भिल्ली भाषा आणि खानदेशीवरचा. दोन्ही खंड समोरासमोर ठेवले की शंभर वर्षांत काय बदललं ते दिसतं. ग्रियर्सनकडे नमुने अधिकाऱ्यांनी गोळा केले होते. जाखडेंच्या खंडात बोलणाऱ्यांनी स्वतः लिहिलं आहे, कुठे अडखळत, कुठे अभिमानाने जरा जास्तच सांगत. ते जास्तीचं सांगणंही मला मोलाचं वाटतं.

‘रिंगाण’ या पाचांत एकच ‘सर्वांना भावेल’ अशी कादंबरी, आणि तीही मी स्थानिक म्हणूनच वाचली. कोल्हापूरकडच्या लेखकाने धरणामुळे उठलेलं गाव लिहिलं, मागे राहून रानटी झालेलं जनावर लिहिलं. सोमावळच्या माणसाला ती वाचून दाखवली तर त्याला कोल्हापूर आडवं येत नाही. स्थानिक पुस्तक परक्या गावात कसं पोहोचतं, याचा याहून सरळ दाखला मला सुचत नाही.

पुढे काय वाचायचं, असाही प्रश्न पत्रात होता. दीनानाथ मनोहरांची ‘मन्वंतर’ पुन्हा काढली आहे. शरद पाटलांचं ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ अर्ध्यावर सोडलं होतं, ते धुळ्याच्या माणसाचं आहे म्हणून तरी पुरं केलं पाहिजे. कठीण आहे, संस्कृतचे दाखले पानोपानी, पण कठीण म्हणून सोडायचं तर वाळंबेही कठीणच. आणि ध्रुव भट्ट यांची गुजराती ‘तत्त्वमसि’. नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचं अर्धं अंग गुजरातेत आहे, पण गुजराती पुस्तक त्या फलाटावरून इकडे उतरत नाही. मला ती अंजनी नरवणे यांच्या मराठी अनुवादातून वाचावी लागेल. तिच्यातही नायक परदेशातून नर्मदेच्या रानात येतो, म्हणजे पाहणारा पुन्हा बाहेरचाच. बघू या, केवलसिंगांना ऐकल्यानंतर ती कशी वाटते.

राहिली ‘न मिळणारी’ ही तिसरी हरकत. ती मात्र मला पूर्ण मान्य आहे, फक्त तिचा रोख चुकला आहे. पुस्तकं मिळत नाहीत म्हणून यादीतून काढायची, की यादीत घालून ती का मिळत नाहीत असं विचारायचं? वर्षातून दोन दिवस जिल्ह्याचा ग्रंथोत्सव होतो. ग्रंथदिंडी निघते, पाहुणे बोलतात, आणि विक्रीच्या टेबलांवर पाककृती, व्यक्तिमत्त्व विकास, शिवचरित्र. विक्रेत्याचा दोष नाही. लांबचं भाडं भरून आलेला माणूस खपणारं आणणार. त्यामुळे धडगावच्या वाचकाला खरा आधार होता टपालाचा. प्रकाशकाला फोन करायचा, पैसे पाठवायचे, नोंदणीकृत बुकपोस्टाने गठ्ठा यायचा, जाड पुस्तकालाही परवडणाऱ्या दरात. १८ डिसेंबर २०२४ पासून टपाल खात्याने ती सेवा बंद केली. पाठोपाठ २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. लोकसर्वेक्षणाचा खंड वजनदार आहे. ती सेवा बंद झाली तेव्हा तो डोंगरातल्या मोलगीला मागवायचा तर साध्या पार्सलचा दर मोजावा लागला असता, किंवा कुरिअरवाला तालुक्याच्या गावी ठेवील तिथून जाऊन आणावा लागला असता.

त्या १८ डिसेंबरनंतर दोन आठवड्यांत वर्षअखेरीच्या सगळ्या याद्या नेहमीप्रमाणे छापून आल्या. मी सगळ्या वाचल्या. बुकपोस्ट बंद झाल्याचा उल्लेख एकीतही नव्हता.